कर्करोगनिदानातील पेट स्कॅन : बारामती-इंदापूर परिसरातील रुग्णांच्या संदर्भात

प्रस्तावना :
ऊस व साखर कारखान्यांच्या या परिसरातील रुग्णास 'साखरेसारखे औषध टोचून तपासणी करावयाची आहे' असे सांगितल्यास तो साशंक होतो. प्रस्तुत लेखात ही तपासणी नेमके काय दाखविते, याचे विवेचन केले आहे.

तपासणीचे तत्त्व :
क्ष-किरण, सोनोग्राफी व सी.टी. स्कॅन यांतून प्रामुख्याने अवयवाची रचना कळते. परंतु उपचारानंतर उरलेली गाठ जिवंत आहे की तो केवळ व्रण आहे, हे रचनेवरून ठरविणे अनेकदा अशक्य असते. कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, असे ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. एफ.डी.जी. हे ग्लुकोजसदृश किरणोत्सारी द्रव्य पेशीत शिरते. मात्र तेथे त्याचे पुढील विघटन होत नसल्याने ते साचून राहते. त्यातून उत्सर्जित होणाऱ्या पॉझिट्रॉनमुळे निर्माण झालेले गॅमा किरण टिपून प्रतिमा तयार केली जाते.

या द्रव्यातील फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कार्यान्वित झाले. परळहून बारामतीस येण्यास पाच तास लागतात असे धरल्यास वाटेतच सुमारे ८५ टक्के किरणोत्सार संपतो. औषध दूर नेण्यावर अशी मर्यादा असल्याने या सुविधा मोठ्या शहरांत एकवटल्या व रुग्णालाच तेथे जावे लागते.

पूर्वतयारी :
खरी अडचण येथेच उद्भवते. तपासणीपूर्वी किमान चार ते सहा तास उपाशी राहणे आवश्यक असते. साधे पाणी चालते. पहाटे इंदापूरहून निघालेला रुग्ण भिगवण वा पाटस येथे गाडी थांबताच सवयीने गोड चहा घेतो. चहाचा एक कप, म्हटले तर क्षुल्लक गोष्ट! परंतु त्यामुळे इन्सुलिन वाढते, द्रव्य स्नायूंकडे वळते व प्रतिमा बिघडते. आदल्या दिवशी ऊसतोडणीसारखे कष्टाचे काम केल्यासही असेच घडते. रक्तशर्करा २०० मि.ग्रॅ. पेक्षा अधिक असल्यास तपासणी बहुधा पुढे ढकलली जाते. मधुमेही रुग्णाने औषधांच्या वेळा तपासणी केंद्रास आधीच विचारून घ्याव्यात. अशा सूचना केवळ इंग्रजीत छापून देणे प्रस्तुत लेखिकेस गैर वाटते.

मर्यादा :
प्रतिमेतील प्रत्येक तेजस्वी ठिपका कर्करोगाचा नसतो. क्षयरोगाच्या गाठीही ग्लुकोज मोठ्या प्रमाणावर घेतात, आणि आपल्याकडे क्षयरोग सर्रास आढळतो. म्हणून संशयास्पद ठिकाणी बायोप्सी टाळू नये. याउलट पुरःस्थ ग्रंथीचे अनेक कर्करोग एफ.डी.जी. फारसे घेत नाहीत. त्यांसाठी पेशीपृष्ठावरील पी.एस.एम.ए. या प्रथिनास चिकटणारे गॅलियम-६८ युक्त द्रव्य वापरले जाते.

'मग साखर सोडली तर गाठ उपाशी मरेल का?' असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. तसे होत नाही. आहारात साखर नसली तरी यकृत ग्लुकोज तयार करीतच राहते, आणि उपचारकाळात अन्न तोडल्याने रुग्णाचे वजन मात्र घटते.