आधी तोल, मग पॅडल

प्रास्ताविक

रोजच्या वापरातील साध्या वस्तूमागेही विचारांची मोठी मालिका असते. मात्र वस्तू हाताळताना ती सहसा लक्षात येत नाही. पॅडल काढता आणि पुन्हा बसवता येणाऱ्या लहान मुलांच्या सायकलीची रचना कशी केली जाते आणि त्या रचनेमागे शिकण्याविषयीची कोणती समज आहे, याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

पाठ

घरात लहान मुलासाठी नवी सायकल आली, की तो दिवस सणासारखा असतो. सायकलीच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची दोन छोटी चाके असतात. त्यांच्या भरवशावर मूल पहिल्याच दिवशी अंगणात फेऱ्या मारू लागते आणि घरातल्यांना वाटते, की सायकल शिकून झाली. काही महिन्यांनी ती छोटी चाके काढली जातात. मग मात्र मूल दोन हात अंतरही पुढे जात नाही. वडील सीट धरून मागे धावतात, आई ‘समोर बघ, समोर बघ’ असे ओरडते, गुडघे फुटतात आणि कित्येकदा सायकल कोपऱ्यात उभी राहते. महिनोन्‌महिने सायकल चालवणाऱ्या मुलाला ती अचानक परकी का वाटावी?

याचे उत्तर मुलाच्या धिटाईत किंवा भित्रेपणात नाही. ते सायकलीच्या रचनेत आहे. सायकल चालवणे हे एक कौशल्य नसून त्यात निदान दोन कौशल्ये एकत्र आलेली असतात. एक पॅडल मारण्याचे आणि दुसरे तोल सांभाळण्याचे. यांपैकी पॅडल मारणे सोपे असते. तीनचाकी सायकलीवर मुले ते सहज शिकतात. अवघड असतो तो तोल. आधाराची चाके लावली, की मुलाला सोपी गोष्ट आधी शिकवली जाते आणि अवघड गोष्ट पुढे ढकलली जाते. एवढेच नव्हे, तर या चाकांमुळे मुलाला चुकीची सवयही लागते.

तोलाचे गणित

दोन चाकांवरची सायकल उभी कशी राहते, हे समजून घेतले म्हणजे ही चूक स्पष्ट होते. चालती सायकल उजवीकडे कलू लागली, की सराईत चालक नकळत हँडल किंचित उजवीकडेच वळवतो. त्यामुळे चाके कललेल्या शरीराच्या खाली येतात आणि तोल पुन्हा सावरतो. डावीकडे कलल्यास हीच क्रिया डावीकडे घडते. म्हणजे सरळ जाणारी सायकलही खरे पाहता सतत बारीक नागमोडी वळणे घेत असते. वळण घेतानाही चालक वळणाच्या आतल्या बाजूला कलतो; कलल्याशिवाय दुचाकी वळतच नाही.

आधाराची चाके नेमके हे कलणेच थांबवतात. ती लावलेली सायकल वस्तुतः चारचाकी असते. वळताना मुलाचे अंग आत झुकण्याऐवजी बाहेर फेकले जाते आणि हँडलने तोल सावरण्याचा अनुभव त्याला कधी मिळतच नाही. छोटी चाके निघतात, तेव्हा त्याला नवे शिकायचे असते आणि जुने विसरायचेही असते.

भारतातील असंख्य गावांत मुले मोठ्या माणसांच्या काळ्या, उंच सायकलीवर शिकली. सीटपर्यंत पाय पोचत नसे. ती मुले आधी डाव्या पॅडलवर एक पाय ठेवून दुसऱ्या पायाने जमिनीला रेटे देत सायकल पळवत. हात बसला, की मधल्या दांड्याखालून पाय घालून अर्धे पॅडल मारत आणि शेवटी सीटवर चढत. कोणी न सांगताही या मुलांनी योग्य क्रम शोधला होता. तोल आधी, पॅडल नंतर.

इतिहासाने घेतलेला क्रम

सायकलीचा इतिहासही याच क्रमाने घडला. जर्मनीतील बाडेन राज्यातील कार्ल फोन द्राइस या वन-अधिकाऱ्याने लाकडाचे एक वाहन तयार केले. एकामागे एक अशी दोन चाके, मध्ये बसायला आसन आणि पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा, एवढीच त्याची रचना होती. त्याला पॅडल नव्हते. चालकाने जमिनीवर आळीपाळीने पाय रेटायचे आणि वेग आला की पाय उचलून धरायचे. १२ जून १८१७ रोजी द्राइस या वाहनावरून मानहाइम शहरातून श्वेट्झिंगेनच्या रस्त्याने निघाला आणि वाटेतल्या टपालचौकीपासून परत फिरून एका तासाच्या आत घरी आला. माणूस दोन चाकांवर तोल सांभाळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पॅडल आले ते त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये. तेही पुढच्या चाकाला जोडलेले. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली आणि आजच्या सायकलीचे रूप ठरले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लहान मुलांसाठी बिनपॅडलची लाकडी सायकल पुन्हा बाजारात आली आणि ‘बॅलन्स बाइक’ या नावाने जगभर पसरली. दोन-तीन वर्षांचे मूल तिच्यावर बसून चालते, मग धावते आणि एक दिवस पाय उचलून तरंगत जाते. ज्या क्षणी ते पाय उचलून काही हात पुढे जाते, त्या क्षणी त्याला सायकल आलेली असते. केवळ पॅडल यायचे राहिलेले असते.

मात्र येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. बिनपॅडलची सायकल वर्ष-दोन वर्षांत निरुपयोगी होते आणि पालकांना दुसरी घ्यावी लागते. एकच सायकल आधी बिनपॅडलची आणि मग पॅडलची करता आली, तर खर्च वाचेल. शिवाय ओळखीच्या वाहनावरच मुलाला पुढचा धडा गिरवता येईल. या विचारातून रूपांतर होणारी सायकल जन्माला आली.

रचनाकारापुढील पेच

वरवर पाहता काम सोपे वाटते. पाना घ्यावा, दोन्ही पॅडल काढावेत, इतकेच. प्रत्यक्षात मात्र एका बदलातून अनेक प्रश्न निघतात.

पहिला प्रश्न सीटच्या उंचीचा. समजा, एका मुलाच्या पायाची आतली लांबी ४० सेंटिमीटर आहे. जमिनीवर पाय रेटत जायचे, तर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकलेले असले पाहिजेत. म्हणून सीट सुमारे ३७ सेंटिमीटरवर हवी. आता पॅडलचा विचार करू. पॅडल ज्या दांड्याच्या टोकाला बसतो, त्याला क्रँक म्हणतात. क्रँक ९ सेंटिमीटरची धरली आणि सायकल कलल्यावर पॅडल जमिनीला घासू नये म्हणून खाली ९ सेंटिमीटर जागा सोडली, तर क्रँकचा आस जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर येतो. अशा वेळी सर्वांत खालच्या पॅडलपासून सीट केवळ २८ सेंटिमीटर दूर राहते, तर वर आलेला पॅडल सीटच्या जेमतेम १० सेंटिमीटर खाली असतो. ४० सेंटिमीटरचा पाय एवढ्या जागेत मोकळेपणाने फिरत नाही. गुडघे पोटाशी येतात आणि मूल दमते. सीट वर घ्यावी, तर पाय जमिनीवर टेकत नाहीत आणि मुलाचा धीर जातो.

हा पेच सोडवण्याचे वेगवेगळे मार्ग रचनाकारांनी शोधले आहेत. काही सायकलींत क्रँकचा आस सीटच्या खाली न ठेवता थोडा पुढे सरकवलेला असतो. त्यामुळे पाय पुढच्या दिशेने पसरतात आणि सीट फार उंच न करताही गुडघ्याला जागा मिळते. काहींत सीटचा खांब लांब असतो, म्हणजे मूल वाढेल तशी सीट वर घेता येते. आयर्लंडमध्ये तयार झालेल्या एका सायकलीत तर सांगाड्याचा मागचा भागच उलटा करून बसवता येतो. तो एका बाजूने बसवला की सायकल बुटकी होते आणि दुसऱ्या बाजूने बसवला की उंच होते.

दुसरा प्रश्न क्रँकचा. केवळ पॅडल काढले, तरी दोन्ही क्रँक बाहेर आलेल्या राहतात आणि पळणाऱ्या मुलाच्या पोटऱ्यांना लागतात. साखळीही तशीच ठेवली, तर सायकल मागे ढकलताना क्रँक उलट्या फिरून नडगीवर आदळतात. म्हणून चांगल्या रचनेत आस, क्रँक, पॅडल आणि साखळी हा सगळा संच एकत्र काढता येतो व काही बोल्टांनी पुन्हा सांगाड्याला जोडता येतो. पण सुटा होणारा संच पुन्हा बसवताना दर वेळी अचूक जागेवर यावा लागतो. तो किंचित पुढे-मागे झाला, तर साखळी सैल पडून उतरते किंवा फार ताणली जाऊन चाक जड फिरते. याकरिता साखळीचा ताण कमी-जास्त करण्याची सोय द्यावी लागते. संच काढल्यावर उरणारी भोके टोपणांनी बंद करावी लागतात, कारण लहान मुलांची बोटे नेमकी अशाच ठिकाणी जातात. साखळीवर पूर्ण आच्छादनही त्याचसाठी हवे.

तिसरा प्रश्न ब्रेकचा. मुलांच्या अनेक सायकलींना पॅडल उलटा दाबून लागणारा ब्रेक असतो. पॅडल काढले, की हा ब्रेकही नाहीसा होतो. सुरुवातीला मूल पाय घासून थांबते. परंतु वेग वाढल्यावर ते पुरेसे नसते. म्हणून हाताचा ब्रेक हवा आणि त्याची मूठ लहान बोटांच्या टप्प्यात हवी. लहान मुलांच्या सायकलींसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक ज्या सायकलींना लागू होते, त्यांत सीटची कमाल उंची ४३५ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि ६३५ मिलिमीटरपेक्षा कमी असते. त्याहून बुटके वाहन युरोपात खेळणे समजले जाते. रूपांतर होणारी सायकल खेळणे आणि वाहन यांच्या सीमारेषेवर उभी असते. त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून वाहनाइतकीच सुरक्षित असणे इष्ट ठरते.

चौथा प्रश्न वजनाचा. तीन वर्षांच्या मुलाचे वजन साधारणपणे १४ किलोच्या आसपास असते. त्याला सात-आठ किलोची सायकल देणे म्हणजे मोठ्या माणसाला स्वतःच्या निम्म्या वजनाचे वाहन उचलायला लावणे होय. पडलेली सायकल मुलाला स्वतः उभी करता आली, तरच ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. पॅडलचा संच सुटा असल्याचा खरा लाभ येथे दिसतो. ज्या काळात मूल सर्वांत लहान असते, त्याच काळात सायकलही सर्वांत हलकी राहते.

शेवटी एक बारीकशी गोष्ट. उजव्या पॅडलचे आटे नेहमीसारखे, तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. फिरता फिरता पॅडल आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून ही योजना असते. नेहमीच्या सायकलीत ती क्वचितच आठवावी लागते. येथे मात्र पॅडल बसवण्याचे काम घरातलेच कोणी तरी करणार असते. डावा पॅडल जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवला, तर अॅल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे कायमचे खराब होतात. पॅडल आणि क्रँकवर डाव्या-उजव्या बाजूंच्या जुळणाऱ्या रंगखुणा केल्या, तर हे नुकसान टळते. उत्तम रचना वापरणाऱ्याच्या चुकीचाही आधीच विचार करते.

मोठ्यांसाठीही तोच धडा

ही पद्धत केवळ मुलांपुरती नाही. प्रौढ वयात सायकल शिकणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते आणि त्यासाठी नवी सायकल घ्यावी लागत नाही. साध्या सायकलीचे दोन्ही पॅडल काढावेत, दोन्ही पाय जमिनीवर टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि मोकळ्या मैदानात पाय रेटत चालावे. ब्रेक नीट लागतात ना, हे आधी पाहावे. पाय उचलून बरेच अंतर सहज जाता येऊ लागले, की पॅडल पुन्हा बसवावेत.

सायकल शिकणे ही मोठ्या माणसासाठी किरकोळ गोष्ट नसते. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता-चळवळीने अक्षरांबरोबर सायकलही शिकवायला घेतली. १९९२च्या महिला दिनी तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया सायकलींवरून रस्त्यावर उतरल्या. पाणी आणणे, बाजारहाट करणे, कामावर जाणे यांसाठी त्यांना कोणाची वाट पाहावी लागेनाशी झाली. सायकलीने त्यांना वेळ दिला आणि कुठेही स्वतःच्या बळावर जाण्याची मोकळीकही दिली.

रूपांतर होणारी छोटी सायकल शिकवण्याविषयीही काही सांगते. शिकणाऱ्याला मदत दोन प्रकारे करता येते. त्याला कायम आधार देऊन अवघड भाग त्याच्यापासून दूर ठेवता येतो, किंवा अनावश्यक ओझे काढून घेऊन अवघड भाग त्याच्या आवाक्यात आणता येतो. पहिल्या प्रकारात आधार सुटताच शिकणारा कोसळतो. दुसऱ्या प्रकारात त्याचे पाय जमिनीवर असतात, आणि ते केव्हा उचलायचे हे तो स्वतः ठरवतो.

स्वाध्याय

१. आधाराच्या चाकांमुळे मुलाला कोणती चुकीची सवय लागते, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. सीटच्या उंचीबाबत रचनाकारापुढे कोणता पेच उभा राहतो? तो सोडवण्याचे दोन मार्ग लिहा.
३. ‘उत्तम रचना वापरणाऱ्याच्या चुकीचाही आधीच विचार करते.’ हे विधान तुमच्या घरातील एखाद्या वस्तूचे उदाहरण देऊन पटवून द्या.
४. तुम्ही मोठेपणी शिकलेल्या एखाद्या कौशल्याविषयी आठ ते दहा ओळी लिहा. त्यातील अवघड भाग कोणता होता, ते सांगा.