मरणाचे दहा कुरळ

चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये जुने तळे बुजवून झालेल्या जमिनीवर 1976 साली वळ्ळुवर कोट्टम, म्हणजे तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचे स्मारक, उभे राहिले. 39 मीटर उंचीचा दगडी रथ बघायला लोक येतात, पण खरी गंमत सभागृहाच्या सज्जात आहे. तिथे त्यांच्या ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाचे 1330 कुरळ, म्हणजे द्विपदी, दगडावर कोरलेले आहेत. 133 अधिकार (प्रकरणे), प्रत्येकी दहा कुरळ. त्यातला 34वा अधिकार ‘निलैयामै’, म्हणजे अनित्यतेचा. क्रम बघण्यासारखा आहे: आधी अहिंसा, मग अनित्यता, मग संन्यास. जैन-बौद्ध विचारांचा स्पर्श इथे लपत नाही. मरणाला झोपेची उपमा इथलीच. त्यात भीती नाही की यमदूतही नाहीत. साने गुरुजींनी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून कुरळ मराठीत आणला, हे आपल्याकडे किती जणांना आठवते?

विसाव्या शतकात तमिळनाडूतच समाजसुधारक पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने मरणाबद्दल वेगळाच प्रश्न विचारला: अंत्यविधीला पुरोहित कशाला? त्या विचारपरंपरेतले द्रमुक नेते अण्णादुराई (1969) आणि करुणानिधी (2018) यांचे दहन झाले नाही. दोघांनाही मरीना किनाऱ्यावर पुरले. वळ्ळुवर कोट्टमची कल्पना करुणानिधींचीच. महाराष्ट्रात भटजीविना विधींचा आग्रह सत्यशोधक समाजाने त्याआधीच, 1873पासून, धरला होता. चेन्नईच्या रस्त्यावर मात्र फुलांनी मढवलेली तिरडी आजही पऱै हे चर्मवाद्य वाजवत, नाचत नेली जाते.