उघडी वही आणि नावाचे खाते

पैशाच्या व्यवहारात नोंद आणि गुप्तता या दोन गोष्टी पूर्वापार एकत्र नांदत आल्या आहेत. पेढीवर रोजकीर्द लिहिली जाई, तीवरून खतावणी होई. परंतु कोणाच्या नावे किती रक्कम आहे, हे पेढीच्या उंबऱ्याबाहेर जात नसे. बँका आल्या, तरी ही रीत कायम राहिली. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधाने ती उलटी केली. बिटकॉइनची वही जगाला खुली. नावे मात्र वहीबाहेर. तेथे पैसा किल्लीच्या स्वाधीन असतो, आणि प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली वापरावी, अशी शिफारस त्या निबंधातच आहे. थोडक्यात, ही निव्वळ रोजकीर्द होय. माणसागणिक खतावणी तीत नाही, आणि कोणाकडे अर्ज करून खाते उघडण्याचीही गरज नाही.

पुढच्या चलनांनी या रचनेत खतावणी आणली. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियममध्ये शिल्लक खात्यावर साठते. २०१८ साली आलेल्या इऑसने खात्याला १२ अक्षरांपर्यंतचे नाव दिले. नवे खाते हवे, तर आधीच्या खातेदाराने ते उघडून द्यावयाचे. लांबलचक किल्लीपेक्षा सुटसुटीत नाव लक्षात राहते, चुकीच्या ठिकाणी पैसे जाण्याचे भय कमी होते, हे खरे. परंतु एकाच खात्याखाली सारे व्यवहार ओवले गेले, की त्यांपैकी एका व्यवहारामागचा माणूस ओळखणे पुरेसे होते. उरलेले सारे आपोआप त्याच्या माथी लागतात.

बँकेचा खातेक्रमांक दुकानदाराला कळला, म्हणून त्याला शिल्लक दिसत नाही. येथे मात्र ज्याला एकदा पैसे दिले, त्याला देणाऱ्याच्या खात्यावरील मागची देणीघेणी आणि पुढची उलाढालही पाहता येते. ही वही कोणाला पुसताही येत नाही. म्हणून बँकेला लागू पडणारा ‘खाते असले तर बिघडले काय?’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

शिवाय नावांची दुसरी वही विनिमय केंद्रांकडे तयार होते. भारतात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने ही केंद्रे आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली, आणि ग्राहकांची ओळख पटवून घेणे त्यांना बंधनकारक झाले. अशा वह्या सुरक्षित राहतात काय? २०२० साली लेजर या फ्रेंच कंपनीच्या २ लाख ७० हजारांहून अधिक ग्राहकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उघड्यावर आले. मे २०२५ मध्ये कॉइनबेसने जाहीर केले, की परदेशातील साहाय्यक कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती चोरण्यात आली. बाधितांची संख्या सुमारे ६९ हजार होती. जानेवारी २०२५ मध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचे फ्रान्समध्ये अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट तोडण्यात आले. त्यांचे नाव पूर्वीच सर्वज्ञात होते, तेव्हा त्याचा दोष माहितीच्या त्या चोरीवर टाकता येणार नाही; परंतु धन आणि धनकोचा ठावठिकाणा एकत्र कळला, की काय ओढवते, ते या घटनेने दाखविले.

शासनाची बाजू पोकळ नाही. खंडणी, फसवणूक आणि काळ्या पैशाची वाहतूक यांसाठी ही चलने वापरली गेली आहेत. २०१६ साली बिटफिनेक्समधून सुमारे १ लाख १९ हजार बिटकॉइन चोरीस गेले. त्याचा माग फेब्रुवारी २०२२ मध्ये अटकेपर्यंत पोहोचला. त्यात उघड्या वहीचा उपयोग झाला, तसाच विनिमय केंद्रांतील खात्यांच्या माहितीचाही झाला. पण तेथे विशिष्ट गुन्हा होता, विशिष्ट संशयित होते आणि न्यायालयाचे झडतीपत्र होते. चलनातच प्रत्येकाला नाव लावण्याची सक्ती म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वीच सर्वांची झडती घेऊन ठेवणे होय.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. त्यावर मर्यादा घालावयाची, तर कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. या कसोटीला विनिमय केंद्राच्या दारावरील चौकशी उतरू शकेल; वहीच्या प्रत्येक पानावर नाव कोरणे उतरणार नाही. दारावरही हवी तेवढीच माहिती घ्यावी, मुदत संपताच ती नष्ट करावी आणि ती फुटल्यास सांभाळणाऱ्याला जबाबदार धरावे. २०१६ साली आलेल्या झीकॅशने देणारा, घेणारा वा रक्कम न सांगताही व्यवहार खरा असल्याचे गणिताने सिद्ध करता येते, हे दाखवून दिले आहे. तेव्हा नोंद आणि गुप्तता यांपैकी एकच निवडावी लागते, ही सबब आता टिकणारी नाही. जे तंत्र वही जगापुढे उघडी ठेवते, त्यानेच तीत माणसाचे नाव लिहिण्याचा आग्रह धरू नये.