धावण्यातील दुखापत : विश्रांती आणि आशा
अमरावती, अकोला या जिल्ह्यांत पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणांमध्ये नडगीचे दुखणे आढळते. सराव एकाएकी वाढविल्यास हाडाची झीज भरून निघण्यास अवधी मिळत नाही. वयोमर्यादेच्या भीतीने दुखणे दडपून धावल्यास हाडास सूक्ष्म तडा जाऊ शकतो. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांची २०१८ ची आशियाई क्रीडास्पर्धा घोट्याच्या दुखापतीमुळे हुकली. तथापि त्याच वर्षी त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमधील ३७ वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला व २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक मिळविले. म्हणून वैद्यकीय तपासणी, वेदना शमेपर्यंत विश्रांती, नंतर चालणे व शेवटी अल्प अंतर धावणे हा क्रम श्रेयस्कर होय. विश्रांती हा सरावातील खंड नसून सरावाचाच भाग आहे.