डुमसच्या चिखलात आपली तापी

डुमसला आपण जातो ते टोमॅटोच्या भज्यांसाठी. पुढच्या वेळी ओहोटी बघून निघा आणि आधी खाडीकाठी अर्धा तास थांबा.

चिखलातून पेन्सिलींसारखी टोकं वर आलेली दिसतील. ती खारफुटीची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून श्वासासाठी बाहेर डोकावतात. कोकणात या झाडाला तिवर म्हणतात, आपले गुजराती शेजारी चेर. मुळांमधून उड्या मारणारा मासा म्हणजे सुरतींचा लाडका लेवटा, कोकणातली निवटी. ओल्या कातडीतूनही श्वास घेत असल्यामुळे तो पाण्याबाहेर मजेत राहतो. तव्यावर कुरकुरीत होतो तोच हा!

आमची आजी भुसावळची, मासे न खाणारी. चिखल बघून म्हणाली, "अरे, हा तर आपल्या तापीचा गाळ!" खरंच की! भुसावळजवळून जाणारी तापी इथे शेजारीच समुद्राला मिळते. पण १९७२ पासून तिचा बराच गाळ उकाई धरणातच अडतो, आणि खारफुटीला तर गाळच हवा. भजी खाताना आजी त्यावरच बोलत होती.

चिखलात मात्र उतरू नका. धाकट्या भावाची एक चप्पल अजून तिथेच आहे.