पत्त्याच्या कोपऱ्यातील स्वाक्षरी

टॅरोच्या पत्त्यांत कुणाचे भविष्य दडलेले असते, असे प्रस्तुत लेखिकेला वाटत नाही. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते खेळण्यासाठीच निर्माण झाले. भविष्यकथन त्यांना फार पुढे चिकटले. परंतु आज जगभर सर्वाधिक परिचित असलेला संच ज्यांच्या कुंचल्यातून उतरला, त्या पामेला कोलमन स्मिथ यांची कहाणी जाणून घेण्याजोगी आहे.

त्यांचा जन्म १८७८ साली लंडनमध्ये झाला. आईवडील अमेरिकन. बालपणाचा काही काळ जमैकात गेला आणि तेथील लोककथा त्यांच्या मनात कायमच्या रुजल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील प्रॅट इन्स्टिट्यूटमधील कलाशिक्षण पदवीविनाच सुटले. एकविशीत आईवडील दोघांचेही छत्र हरपले होते. लंडनला परतल्यावर अभिनेत्री एलेन टेरी यांच्या नाट्यमंडळींत त्या वावरल्या. संगीत ऐकताना डोळ्यांपुढे उभी राहणारी दृश्येही त्या कागदावर उतरवीत.

१९०९ मध्ये आर्थर एडवर्ड वेट यांनी ७८ पत्त्यांचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि काही महिन्यांतच ते पुरे झाले. मोठ्या २२ पत्त्यांविषयी वेट यांचा आग्रह ठाम होता. उरलेल्या ५६ पत्त्यांत मात्र चित्रकर्तीला बरीच मोकळीक मिळाली असावी, असे अभ्यासक मानतात. खरी प्रतिभा दिसते ती येथेच. आपल्या बदाम सत्तीवर जसे नुसते सात बदाम असतात, तशीच तोवरच्या बहुतेक संचांतील या पत्त्यांची मांडणी असे. पामेलाबाईंनी प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग उभा केला. तलवारींच्या तिर्रीत पावसाळी ढगांखाली तीन तलवारींनी विद्ध झालेले लाल हृदय आहे. नाण्यांच्या पंजीत चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून दोन निराधार जीव हिमातून चालले आहेत; वर प्रकाश आहे, पण दार कोठेच दिसत नाही! कित्येक पत्त्यांतील माणसे रंगमंचावर उभी असल्यासारखी भासतात. नाट्यगृहातील ते दिवस वाया गेले नव्हते.

काम संपताच, १९०९ च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्कचे कलादालनचालक आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना त्यांनी पत्र लिहिले. काम मोठे होते आणि पैसे फारच थोडे मिळाले, असे त्यांनी त्यात कळविले. संच विकला गेला तो प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावाने. चित्रकर्तीचे नाव त्यात नव्हते, आणि दीर्घकाळ कोणाला ते खटकलेही नाही.

पुढे त्या कॅथलिक झाल्या व कॉर्नवॉलला जाऊन राहिल्या. १९५१ मध्ये ब्यूड गावी त्यांचे निधन झाले, तेव्हा देणी फेडण्यासाठी घरातील चीजवस्तू विकाव्या लागल्या. त्यांची समाधी कोठे आहे, हेही आज निश्चित सांगता येत नाही. पत्त्यांच्या कोपऱ्यात मात्र एक बारीक, वळणदार खूण आढळते. वेलीसारखी एकमेकींत गुंफलेली ती तीन अक्षरे म्हणजे त्यांच्या नावाची आद्याक्षरे.