केनवडचा समुद्र

सागरचित्रांचे बादशहा प्रल्हाद अनंत धोंड 2001 साली गेले, त्याला आता पाव शतक होत आलं. आमच्या केनवडात त्यांचं नाव निघायचं काही कारण नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोड तालुक्यातून समुद्र चांगला साडेचारशे-पाचशे किलोमीटर. पण परवा गावाकडच्या एका शाळेत भिंतीवर समुद्राचा फ्लेक्स दिसला आणि धोंड मास्तर आठवले. निळंशार पाणी, दोन्हीकडे नारळ, बरोबर मधोमध सूर्य. वारा कुठला नाही, वेळ कुठली नाही.

1857 चं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, 1888 ची बॉम्बे आर्ट सोसायटी, आबालाल रहिमान, हळदणकर यांच्यासारखे चित्रकार, हा सगळा कलेचा इतिहास मी परीक्षेपुरता पाठ केला नि विसरलो. जीव अडकलाय तो ऐंशीच्या दशकात. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि आम्हा पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचं वेड होतं. आमचे चित्रकलेचे सर निसर्गचित्रात बाभूळ काढली की मार्क कापत. नारळच पाहिजे! ज्या पोरांनी जन्मात शहाळं पाहिलं नव्हतं, ती झावळ्या घोटत बसायची. तो राग अजून गेलेला नाही.

अशात एका जुन्या मासिकात धोंडांचं जलरंगातलं सागरचित्र हाती आलं. ओल्या कागदावर करडा-निळा रंग एका दमात ओढलेला. आभाळ कुठं संपलं नि पाणी कुठं सुरू झालं, कळू नये. आणि लाटेचा फेस? तिथं रंगच नव्हता, कोरा कागद सोडलेला. जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, आधीच राखावा लागतो, हे तेव्हा उमगलं. मग पहिल्या पावसानंतर काळ्या रानात तुंबलेल्या पाण्यावरचा उजेड मी तसाच राखायला लागलो. जे. जे.चं अधिष्ठातापद भूषवलेल्या माणसाने समुद्र रंगवून मला माझं शेत दाखवलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. आता इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीत 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. म्हणून फॉर्म भरायचा. चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाला की कित्येक शाळांत त्याची जागा रिकामीच राहते, आणि पोरं मोबाइलवरचा समुद्र उतरवतात.

आईबापहो, गुण घ्या, पण पोराला एकदा सांजच्याला धुऱ्यावर न्या. रंगपेटी द्या आणि बाभूळ काढू द्या.